कोरिडोराचं पहिलं पाणी

“मेले! सगळे मेले!”

जेर्सिनो ओरडला आणि चर्चच्या अंगणातली शंभर माणसं एकदम पुढं सरकली. पांढऱ्या इनॅमलच्या घमेल्यात बारा पिआबा पोटं वर करून तरंगत होते. बोटाच्या पेराएवढे मासे ते, अंगावर लाल-निळी पट्टी. घटकाभरापूर्वी ठिणग्यांसारखे पळत होते. आणि त्याच घमेल्यात हात बुडवून उभी होती माझी सून, लुसिमार. हात बाहेर काढायचंसुद्धा तिला सुचेना.

“बघा!” मेस्त्रे वाल्देविनोनं डावा हात आभाळाकडं नाचवला. “अकरा बायांनी हात घातला, एका माशाचं शेपूट वाकडं झालं नाही. बारावीनं घातला, बाराच्या बारा गेले! मी बोलत नाही हो, पाणी बोलतंय. मी कोण? मी संताच्या दारातलं पायपुसणं!”

पायपुसण्याचा आवाज मात्र पलीकडच्या काठाला ऐकू जात होता.

पहिला दगड नोएमियानं मारला. हिच्या तीन पोरांच्या नाळा लुसिमारनं स्वतःच्या हातानं कापलेल्या. दगड कपाळावर बसला, रक्त डोळ्यात उतरलं. जेर्सिनोनं तिचे केस मुठीत धरून तिला घमेल्यापासून ओढलं, जमिनीवर आपटलं. मग लाथा सुरू झाल्या. कुणीतरी वल्हं घातलं. हाताचं हाड मोडलं तो आवाज मी ऐकला. वाळकी फांदी गुडघ्यावर ठेवून मोडावी ना, तसा.

“मारू नका, मारू नका,” मेस्त्रे अगदी मायेनं म्हणाला. “न्याय नदी करेल. इंजिनाचं जुनं चाक बांधा हिच्या गळ्यात आणि सोडा डोहात. निर्दोष असली तर संत वर काढतील. नदीच्या वरच्या अंगाला कुरुआ गावात मी असंच करवलं. त्या बाईला संतांनी वर काढलं नाही. म्हणजे काय सिद्ध झालं?”

“चेटकीणच होती!” लोक ओरडले.

काय पण अक्कल! बुडाली तर चेटकीण, आणि तरंगली असती तर म्हणाले असते चेटकाशिवाय कोण तरंगतं.

आता मी कोण, ते सांगते. मी इझाल्तिना, गावातली सगळ्यात मोठी थापाडी. विचारा कुणालाही. माझ्या नवऱ्याच्या होडीच्या बुडाला एकदा कास्कुदो मासा तोंडानं चिकटला. त्या माशाच्या अंगावर किसणीसारखे काटे आणि तोंड म्हणजे नुसती जळू. तर तो असा चिकटला की तीन दिवस होडी जागची हलेना. शेवटी कंटाळून आम्ही तिथंच घर बांधलं. म्हणून तर हे गाव इथं आहे! ही थाप मी इतक्यांदा मारली की शाळेतल्या बाईंनी एका वर्षी गावाचा इतिहास म्हणून फळ्यावर लिहिली.

तर सांगायचं काय, की थापाड्याला थापाड्या कळतो. थाप मारताना मी डावा हात फार नाचवते. लोक डावीकडं बघत राहतात. मेस्त्रे पण डावाच हात आभाळाकडं नाचवायचा.

आमचं गाव जगतं ते काचेच्या पेटीतल्या माशांवर. कुठं कुठं दूरदेशी लोक ते दिवाणखान्यात ठेवून तासन् तास बघत बसतात म्हणे. कामधंदे नसतील बिचाऱ्यांना. पिआबा तर आम्ही पकडतोच, पण खरा भाव कोरिडोराला. अंगठ्याएवढा मिशाळ मासा. अंगावर खवले नाहीत, एकावर एक बसवलेले पत्रे, जुन्या शिपायाच्या चिलखतासारखे. पाठीवर एक काटा, दोन्ही काखांत एकेक. हातात घेतला की तिन्ही काटे ताठ करतो आणि सांध्यात असे अडकवतो की मग तो मासा राहत नाही, कुलूप होतं. मोठ्या माशानं गिळला तर त्याच्या घशात आडवा बसतो. माणसाच्या तळहातात शिरला तर तळहात दोन दिवस गाजराएवढा लाल आणि पावाएवढा फुगलेला.

गेल्या चार महिन्यांत आमच्या कोरिडोरांच्या तीन खेपा मेल्या. बंदराला पिशव्या उघडाव्यात तर आत सगळे उताणे. तिन्ही खेपा जेर्सिनोच्या मोटारहोडीनं गेलेल्या. गावात चुली थंड पडायला लागल्या. आणि पोट रिकामं झालं की माणसाला आधी शेजारणीचा डोळा वाईट दिसायला लागतो.

तेवढ्यात हा वाल्देविनो उगवला. मेस्त्रे म्हणजे गुरू, ही पदवी त्याची त्यानंच लावलेली. अंगात पांढरा झगा, आणि मंगळवारपासून डोक्यावरून डाव्या कानावर घट्ट बांधलेला लाल रुमाल. म्हणे, “संत या कानात बोलतात. वारा लागला तर निरोप तुटतो.” म्हणे, “मी मासा खात नाही, मासा शिवत नाही. माशाला हात लावला तर माझं तेज उतरतं.” गावानं त्याला कसाव्याच्या कंदाची खीर, रानडुकराची मांडी आणि चर्चमागची खोली दिली. तेज काही उतरेना, वजन मात्र चढलं. मग त्यानं सांगितलं, खेपा चेटकिणीनं मारल्या, बायांनी एकेक करून माशांच्या घमेल्यात हात घालावा, पाणीच तिला दाखवील.

तर लुसिमार जमिनीवर पडली होती आणि दोघं तिच्या गळ्याभोवती दोर गुंडाळत होते. मी वाट काढत गेले, तिच्याजवळ बसले. खरं सांगते, या सुनेशी माझं कधी पटलं नाही. ती मला खोटारडी म्हणायची, मी तिला फणकारी. माझा थोरला गेल्यापासून पाच वर्षं आम्ही एका छपराखाली भांडतोय. पण तिच्या तोंडातून रक्ताबरोबर अर्धा दात बाहेर आला तेव्हा मी तो उचलून मुठीत धरला.

“सासूबाई,” ती पुटपुटली, “मंगळवारी घाटावर त्यानं माझ्या कमरेत हात घातला. मी वल्हं हाणलं. कानावर.”

“अगं मेले, हे आधी सांगायला काय झालं होतं?”

“तुम्ही त्याची गोष्ट करून गावभर वाटली असती.”

वाटलीच असती.

आता ओरडून सांगितलं असतं, तर कुणी ऐकलं असतं? चेटकिणीची सासू, वर थापाडी. मी उठले, छाती बडवत मेस्त्रेच्या पायावर लोळण घेतली. “आशीर्वाद द्या हो मेस्त्रे! माझ्या घरात साप निघाला हो!” आणि आमच्या रीतीप्रमाणं त्याचा हात धरून ओठांशी नेला. हात सुजलेला. तळव्यावर लाल टिपके, दोन-दोनच्या जोडीनं. कोरिडोराच्या एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत जेवढं अंतर, बरोबर तेवढंच. पन्नास वर्षं माझ्या तळहातावर तीच नक्षी आहे. ती मी अंधारातही चाचपून ओळखेन.

मासा न शिवणाऱ्या संताच्या हातात मूठभर कोरिडोरांचे काटे!

मग माझ्या डोक्यात लख्ख पडलं. अकरा बायांच्या वेळी घमेल्यात नदीचं पाणी होतं. लुसिमारची पाळी आली तेव्हा “हे पाणी दमलं” म्हणत त्यानं ते ओतून टाकलं आणि खोलीतून भोपळ्याचा तुंबा भरून ‘संतांचे अश्रू’ आणले. शंभर जणांच्या डोळ्यांदेखत पाणी बदललं! आणि कुणाला खटकलं नाही. कसं खटकणार? आमचा जन्मच पाणी बदलण्यात गेला. सकाळी बदला, दुपारी बदला, मासा जांभई द्यायला लागला की बदला. दुसऱ्या कुठल्याही गावात कुणीतरी विचारलं असतं, “मध्येच पाणी का हो बदललं?” आमच्या गावात नाही.

दोर बांधून झाला होता. चाक आणायला माणूस गेला. मी मनात म्हटलं, इझाल्तिने, आयुष्यभर फुकट थापा मारल्यास, आज एक कामाची मार.

“थांबा!” मी किंचाळले आणि डोळे पांढरे केले. “संत बोलतायत! माझ्या उजव्या कानात!”

मेस्त्रेचं तोंड बघण्यासारखं झालं. त्याच्या धंद्यात भागीदार आला होता ना!

“संत म्हणतात, चेटकिणीनं घमेलं बाटवलं. तिला बुडवण्याआधी माझ्या लाडक्या लेकानं त्याच पाण्यात हात घालावा. नवे बारा मासे सोडा. त्याच्या हाताभोवती ते फेर धरतील आणि गावाचा शाप सुटेल!”

“म्हातारी भ्रमिष्ट आहे,” मेस्त्रे म्हणाला. “ते पाणी विटाळलंय, ओता ते आधी!” आणि त्यानं घमेल्याला लाथ घातली. मी घमेल्याला मिठीच मारली. लाथ माझ्या बरगडीत बसली, श्वास अडकला, पण पाणी सांडू दिलं नाही.

“घाला ना हात मेस्त्रे,” नोएमिया हात जोडून म्हणाली. “शाप सुटू दे.”

“माझं तेज...”

“तेज घरचंच आहे मेस्त्रे, लाजता काय!” जेर्सिनो भक्तिभावानं पुढं झाला. आणि आमच्या जेर्सिनोचा भक्तिभाव म्हणजे बैलाचं प्रेम. त्यानं मेस्त्रेचं मनगट धरलं आणि कोपरापर्यंत पाण्यात दाबलं. कुणीतरी बारा ताजे पिआबा सोडले.

जपमाळेचे वीस मणीही झाले नसतील. एक मासा गोल फिरायला लागला. दुसरा वर येऊन तोंड उघडझाप करायला लागला. मग एकेक करत सगळे कलंडले. पांढरी पोटं, बारा.

नोएमिया दोन पावलं मागं सरली.

मेस्त्रेनं हात हिसडला, त्या झटापटीत रुमाल सुटला. आत कान नव्हता हो, पिकून फुटलेलं सीताफळ होतं. वल्ह्याच्या कडेचा निळा वळ थेट गालापर्यंत.

“चेटक्या!” जेर्सिनोनं कोयता उपसला. मेस्त्रेनं झग्यातून सुरा काढला आणि आडवा फिरवला. जेर्सिनोचा गाल कानापासून ओठापर्यंत उघडला, आतले दात दिसले. मेस्त्रे पळाला. पण वाटेत लुसिमार पडली होती, गळ्यात दोर, एक हात मोडलेला. तिनं पाय आडवा घातला. मेस्त्रे तोंडावर आपटला, सुरा उडाला, आणि दहा-वीस जण त्याच्यावर तुटून पडले. नखं, दात, काठ्या. झगा फाटला, बरगड्या वाजल्या.

“बांधा याला!” रक्त थुंकत जेर्सिनो ओरडला. “चाक आणा! दोघांनाही बुडवा, दोघंही चेटकी!”

“दोघांनाही! दोघांनाही!”

ऐकलंत? काही म्हणजे काही शिकले नव्हते. फक्त एकाचे दोन झाले होते. आणखी बारा मासे मेले असते तर तीन झाले असते. माझ्या सुनेचा दोर अजून गळ्यातच होता.

तेव्हा मात्र माझी थाप संपली. मी कोयत्यापुढं जाऊन उभी राहिले. “आधी माझं डोकं फोड जेर्सिनो, मग तिला हात लाव. मूर्खांनो, चेटूक नाही, कोरिडोरा आहे तो! संतबिंत कुणी बोलला नाही माझ्या कानात, मी खोटं बोलले. आता खरं दाखवते. बघायचंय की बुडवायचंय?”

शाळेतल्या बाई गर्दीतून पुढं आल्या. म्हणाल्या, “बघायचंय. बुडवायला काय, दिवस पडलाय. मेलेली माणसं परत वर येत नाहीत, कोयता तेवढा वेळ थांबेल.”

दोन स्वच्छ परातींत सगळ्यांसमोर नदीचं पाणी भरून आणायला लावलं. दोन्हींत सहा-सहा पिआबा. “कुणीही हात घालायचा नाही,” मी म्हटलं. “चेटकिणीनं नाही, संतानं नाही, माझ्यासारख्या म्हातारीनंही नाही.” मग जेर्सिनोच्याच पिंजऱ्यातले वीस कोरिडोरा मागवले, तुंब्यात थोड्याशा पाण्यात टाकले आणि मुठीत दाबले, हलवले, घुसळले. काटे खटाखट उभे राहिले. तीन काटे माझ्या तळव्यात घुसले, मी तळवा लोकांपुढं धरला. “मेस्त्रेचा तळवा बघा, माझा बघा. एकच नक्षी आहे ना?”

बाईंनी मेस्त्रेची मूठ उघडली. तीच होती.

तुंब्यातल्या पाण्यावर फेस आला. ते पाणी मी एका परातीत ओतलं. दुसरीत तेवढंच साधं नदीचं.

शंभर माणसं परातींवर वाकली. साध्या पाण्यातले सहा पळत राहिले. फेसाच्या पाण्यातले फिरले, धापले, उलटले. आणि मग तुंब्यात राहिलेले कोरिडोरा स्वतःच एकेक करून उताणे झाले. काटे अजून ताठच.

“याच्या काखेत, काट्याच्या मुळाशी, विषाची गाठ असते,” मी म्हटलं. “घाबरला की काटा उभा करतो आणि विष सोडतो. नदीत ते वाहून जातं. तुंब्यात कुठं जाणार? आधी शेजारी मरतात, मग तो स्वतः मरतो. यात डोळा नाही, नजर नाही, शाप नाही. या भामट्यानं खोलीत बसून कोरिडोरा पिळले आणि त्याला म्हणाला संतांचे अश्रू.”

“पण मग आपल्या तीन खेपा?” नोएमिया म्हणाली. तिचा आवाज खाली गेला होता. “त्या कुणी मारल्या?”

ते आता मलाच सांगावं लागणार होतं.

आमच्या आयांच्या वेळेपासून रीत होती. कोरिडोरा होडीत भरले की तिसऱ्या वळणावर थांबायचं, तोवरचं सगळं पाणी ओतून टाकायचं, ताजं भरायचं. ‘पहिलं पाणी नदीचं.’ माझ्या आईनं मला कारण सांगितलं होतं. भरताना मासा भितो, विष सोडतो, म्हणून पहिलं पाणी फेकायचं. एवढंच. पण एवढंसं कारण सांगण्यात काय मजा? मी पोरांना सांगितलं, तिसऱ्या वळणावर तळाशी नदीची म्हातारी राहते, तिला तहान लागते, पहिलं पाणी दिलं नाही तर ती होडीचं शेपूट धरते. काय रंगवून सांगायची मी! पोरं टाळ्या पिटायची.

मग मोटारहोडी आली, तोंड बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या. ती पोरं मोठी झाली होती. जेर्सिनो त्यातलाच. तो हसला, “म्हातारीनं शेपूट धरलं तर इंजिन आहे!” आणि तिसऱ्या वळणावर थांबायचं बंद झालं. थाप गेली ते बरंच झालं. पण थापेच्या पोटात मी कारण लपवलं होतं, तेही तिच्याबरोबर गेलं.

हे सगळं मी शंभर माणसांपुढं बोलले. जन्मात पहिल्यांदा मी काही सांगत होते आणि कुणी हसत नव्हतं.

जेर्सिनोच्या हातातून कोयता गळला. एका हातानं फाटलेला गाल धरून तो म्हणाला, “म्हणजे मासे मीच मारले, आजी?”

“तू नाही थांबलास. मी नाही सांगितलं. आणि दोघांच्या चुकीपायी हिचं हाड मोडलं.”

दोर मीच कापला. वाल्देविनोला दुपारच्या लाँचनं पोलिसांच्या ताब्यात दिला. त्याला बुडवायला निघालेले चार-पाच जण तेव्हाही होतेच. शाळेतल्या बाई लाँच सुटेपर्यंत त्यांच्या आडव्या उभ्या राहिल्या. कुरुआच्या त्या बाईचं नाव एर्मेलिंदा होतं. मेस्त्रेनं सांगितल्यापासून आम्ही तिला ‘चेटकीण, चेटकीण’ म्हणत होतो, नाव त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं. तिच्यासाठी कुणी परातीत पाणी भरलं नाही.

लुसिमारचा हात वाकडाच जुळला. नोएमिया माफी मागायला आली तेव्हा तिनं तो वाकडा हात पुढं केला, आणि कसाव्याची टोपली उचलून दे म्हणाली. नोएमिया अजून देते उचलून. रोज.

ऐकणाऱ्यांनो, मी थापा सोडलेल्या नाहीत. कास्कुदोनं आमचं गाव बांधलं हे मी मरेपर्यंत सांगणार. पण कुणी तुम्हाला चमत्कार दाखवला आणि त्याबरोबर मारायला एखादं माणूसही दाखवलं, तर दगड उचलण्याआधी एवढंच विचारा, मध्येच पाणी का बदललं? आणि तेच पुन्हा करून दाखव म्हणावं, यावेळी आमच्या पाण्यात. जो खरा असेल तो दाखवेल. जो चिडेल त्याचा तळवा बघा.

आता जेर्सिनोची होडी तिसऱ्या वळणावर थांबते. पहिल्या खेपेला मीही गेले होते. लुसिमारनं धड हातानं टोप तिरका केला, फेसाळलेलं पाणी नदीत पडलं. सवयीनं माझ्या तोंडून निघालं, “घे गं म्हातारे, तुझं पहिलं पाणी.”

लुसिमारनं माझ्याकडं असं बघितलं की माझे शब्द घशातच आडवे बसले.

“सासूबाई,” ती म्हणाली, “होडीत पोरं आहेत. कारण सांगून ओता.”